ताईने काढून दिलेला दिवस

आयसेलिन
९ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

राखी पोचली, आणि यंदा पौर्णिमेच्या आधीच पोचली, म्हणजे पोस्टाला सुबुद्धी झाली. बांधूनच दुकानात आलोय. समोर एक बाई तासाभरापासून पैठण्या उलगडून बघतायत आणि घेणार काहीच नाहीत, म्हणून काउंटरवर बसून तुला लिहितो.

तू म्हणालीस फोनवर काही नको, पत्रच लिही. बरोबर आहे तुझं. तुझ्या गाडीने माझा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला आणि शेजारी भाऊजी बसले होते, हे ऐकून मला इकडे घाम फुटला. नशीब, त्यात 'फ्रँकचा फोन आला होता' एवढंच होतं. फ्रँक कोण म्हणून सांगितलंस? हॉटेलचा मॅनेजर? भाऊजींच्या लेखी मी जन्मभर हॉटेलातच आहे.

तर फ्रँकने क्लब विकला. इमारत पाडणार आहेत. त्याआधी जुन्या सगळ्या मुलांना (मुलं म्हणे! माझी पंचावन्न झाली) बोलावून एक शेवटचा शो करायचा असं त्याच्या मनात आहे. 'महाराजा' आल्याशिवाय पडदा उघडणार नाही म्हणतो. मिरजेच्या माणसाला फेटा बांधून महाराजा त्यानेच केलं, आणि त्या महाराजाने सोळा वर्षं अटलांटिक सिटीत बायकांसमोर नाचत एकेक कपडा उतरवला. तू त्याला 'तुझं ते' म्हणतेस. मी सरळ लिहितो, कारण पत्र गाडी वाचत नाही.

ताई, मला जायचंय. का, ते नीट सांगता येत नाही. उर्वीने मराठी शाळेत 'माझा मामा' असा निबंध लिहायला घेतला तेव्हा तू म्हणालीस, दत्तू, आता बास. मी दुसऱ्या आठवड्यात सोडलं. त्याचं वाईट वाटत नाही, पण शेवटचा नाच शेवटचा आहे हे मला नाचताना माहीत नव्हतं. तेवढं एकदा करायचंय. तुला शब्द दिला होता म्हणून तुला विचारतो. तू नाही म्हणालीस तर विषय संपला.

आणि हो म्हणालीस तर दिवस काढून दे. फ्रँककडे दोन शनिवार आहेत, ८ नोव्हेंबर आणि २२ नोव्हेंबर. तुझ्या पंचांगात बघ. हसू नकोस. ग्रीन कार्डाचा अर्ज, गाडी, या दुकानातली नोकरी, सगळं तू दिवस बघून दिलास तेव्हाच केलं. कपडे काढायलाही मुहूर्त लागतो म्हण हवं तर.

उर्वीच्या लग्नाचं काय ठरलं? तारीख कळव. फेटे सगळ्यांना मी बांधणार. आणि मामाचा मान माझा आहे, तो कुणाला देऊ नकोस.

तुझा
दत्तू


शॉमबर्ग
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय दत्तू,

पत्राला उशीर झाला. तीनदा लिहायला बसले.

तुला वाटलं असेल ताई नेहमीसारखी ओरडणार. नाही ओरडत. जा तू. मी आता त्रेसष्टची झाले, रिटायर झाले, लोक काय म्हणतील याचं ओझं किती दिवस वाहायचं? तू त्या कामावर पोट भरलंस, आईच्या औषधांना पैसे पाठवलेस. कुणाचं वाईट केलं नाहीस. शेवटचं एकदा करावंसं वाटतं तर कर.

पंचांग बघितलं. आठ तारीख घे. तुळशीचं लग्न तोवर होऊन जातं. शनिवार, आठ नोव्हेंबर, दिवस फार चांगला आहे. बावीस नको. फ्रँकला लगेच सांगून टाक, मागे-पुढे करू नकोस.

उर्वीच्या लग्नाला इथे हॉलच मिळत नाहीत. मे महिन्याचं बघतोय. अनयचे आईवडील अल्फारेटाला, म्हणजे त्यांचीही सोय बघायला हवी. ठरलं की कळवीनच, मामाला कळवल्याशिवाय लग्न होतं का?

एक कर. उर्वीला यातलं काही बोलू नकोस, सध्या फोनही नको. नवी नोकरी, त्यात लग्नाचं टेन्शन, लहान-सहान गोष्टीवरून रडते. मी तिला योग्य वेळी सांगेन.

गुडघ्याला तेल लावत जा.

ताई


आयसेलिन
६ सप्टेंबर २०२५

ताई, माझी ताई,

तुझं पत्र दुकानातल्या ट्रायल रूममध्ये उभं राहून वाचलं आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. शेवटी मालकीणबाईंनी दार वाजवलं. त्यांना सांगितलं डोळ्यात तिखट गेलं. साडीच्या दुकानात तिखट कुठून आलं, हे त्यांनी विचारलं नाही.

तीस वर्षं मी तुझी वाट बघत होतो असं आज लिहितो. तू मला वाऱ्यावर सोडलं नव्हतंस, ते मला माहीत आहे. पण तू माझ्याकडे बघायचीस तेव्हा जरा बाजूला बघायचीस. या पत्रात तू सरळ बघितलंस. फ्रँकला त्याच दिवशी फोन करून आठ तारीख पक्की केली. तो म्हणाला, बावीस तारखेला जास्त लोक येतील. मी म्हटलं, माय सिस्टर हॅज स्पोकन.

सोबतच्या खोक्यात पांढरी पँट आहे. आठवते का? शॉमबर्गच्या तुझ्या पहिल्या घरात, भाऊजी कॉन्फरन्सला गेले असताना, किचन टेबलावर तू तिला दोन्ही बाजूंनी टिचबटणं लावून दिली होतीस. क्लबातली पँट एका झटक्यात निघायची नाही, मध्येच अडकायची, आणि मी एका पायावर नाचत राहायचो. तू ऐकलंस आणि हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिलीस. मग तू, एवढी पॅथॉलॉजिस्टबाई, तोंडात सुई धरून बसलीस. त्या रात्रीनंतर ती पँट एकदाही अडकली नाही. आता फक्त कंबर सैल करून दे. किती, ते पोट बघून अंदाजाने लिहिलंय, वर एक इंच लाजेखातर.

खोक्यात खाली पिवळी साडी आहे. उर्वीची अष्टपुत्री. मामाने द्यायची असते, म्हणून मामाने निवडली. मे महिना लांब आहे, पण ब्लाउज शिवायला वेळ लागतो. दुकानात येणाऱ्या सगळ्या नवऱ्यामुलींना हल्ली मीच साडी नेसवून दाखवतो, सराव म्हणून. पूर्वी उतरवण्याचे पैसे मिळायचे, आता नेसवण्याचे मिळतात. आयुष्य असं फिरलं बघ.

तुझा
दत्तू


शॉमबर्ग
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय दत्तू,

पँट पाठवतेय. कंबर सोडलीय, बटणं सगळी नवीन लावलीत, जुनी गंजली होती. लाडू भाजक्या बेसनाचे आहेत, शोच्या आधी खाऊ नकोस.

भाऊबीजेला फोन लवकर ठेवला म्हणून रागावलास का? तू विचारलंस घरात एवढी माणसं कसली. मंडळाची माणसं होती, फराळाला. मिक्सरही चालू होता. फोनवर ओवाळलं, त्यातच समाधान मान.

साडी सुंदर आहे. उर्वीला फार आवडली.

पुडीत अक्षता आहेत. देवापुढे ठेवलेल्या, कुंकू लावून. खिशात ठेव त्या दिवशी. विसरू नकोस, नक्की ठेव.

तू नीट राहा. माझ्या हातून कधी काही कमी-जास्त झालं तरी तुझी ताई तुझीच आहे, एवढं लक्षात ठेव.

वसुधाताई


आयसेलिन
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

झालं! आणि काय झालं म्हणून सांगू!

शो दुपारी एकला होता. आमचं गिऱ्हाईक आता रात्री जागत नाही ना. म्हाताऱ्यांच्या टूरच्या बसेस सकाळी येतात आणि संध्याकाळी परत जातात, त्या हिशोबाने फ्रँकने वेळ ठेवली. समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांना नातवंडं असतील. एकीने वॉकर आणला होता. पण ताई, मी फेटा बांधून आलो तेव्हा त्या अशा ओरडल्या की मी पुन्हा अठ्ठावीसचा झालो. आमच्यातला एक आता बसचालक आहे, एकाला दोन जावई आहेत. एकाची मध्येच कंबर धरली, तर त्याला आम्ही नाचतच बाहेर नेलं आणि लोकांना वाटलं हे बसवलेलंच आहे.

मग माझा नंबर. अंगरखा उतरला, उपरणं गेलं. पोट आत ओढून धरलं होतं, ते तिसऱ्या गिरकीला सुटलं. सुटलं तर सुटू दे म्हटलं. आणि शेवटी मी पँटीला हात घातला, एकच झटका, आणि तुझी सगळी बटणं टचटचटच करून उघडली. एक अडकलं नाही! पण मी विसरलो होतो की खिशात पुडी आहे. पुडी फुटली आणि अक्षता उडाल्या ताई, दिव्यांच्या झोतात, लाल लाल, पहिल्या दोन रांगांवर. मी आपला पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत आणि डोक्यावर फेटा, हात वर करून उभा, आणि माझ्या अंगावरही त्याच पडतायत. क्षणभर मला कुठे आहे तेच कळेना. वॉकरवाल्या आजींनी केसातला तांदूळ काढून विचारलं, हनी, हे काय? मी म्हटलं, माझ्या बहिणीचा आशीर्वाद. त्यांनी तो पर्समध्ये ठेवला.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगतो. दोन दिवस आधी उर्वीचा मेसेज आला होता. 'मामा, आईने सांगितलं. इट्स ओके. ऑल द बेस्ट फॉर युअर शो.' म्हणजे तू तिला सांगितलंस! आणि ती म्हणते ओके! मी मेकअप रूममध्ये तो मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला. माझी भाची, म्हटलं. तिला माहीत आहे आणि तिला चालतं.

आता मे महिन्यात फेटा बांधून तुझ्या दारात उभा राहतो. या खेपेला पूर्ण कपड्यांत.

तुझा
दत्तू


अल्फारेटा
१६ नोव्हेंबर २०२५

डिअर मामा,

माझं मराठी रायटिंग बॅड आहे, सॉरी. अनय म्हणतो ई-मेल कर. पण हे हाताने लिहायचं आहे.

मी तुझ्यावर खूप चिडले होते. म्हणून फोन नाही केला. आई म्हणाली, 'मामाला मी ऑगस्टमध्येच सगळं कळवलं, पण त्याचा शो त्याच दिवशी आहे, तो शो सोडायला तयार नाही.' मामाचं आमंत्रण आई देते, असं आजी म्हणायची, सो मी वेगळं कार्ड पाठवलं नाही. मी वेट करत होते की तूच फोन करशील. मग मी तो मेसेज केला, पण मी ओके नव्हते.

वेडिंगच्या दिवशी मी तुझी यलो साडी नेसले. कुणाला पिन लावता येत नव्हती. गुरुजींनी माइकवर सांगितलं, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.' आणि आईने विनयकाकांना पुढे केलं. बाबांचा कझिन! तो माझा मामा नाहीच. मी म्हटलं, नो. मी एकटी येते. पूर्ण हॉल बघत होता. मी एकटी चालत अंतरपाटाच्या मागे जाऊन उभी राहिले. 

नंतर मी बाथरूममध्ये रडले, तेव्हा अनयची आई आली, नंदाकाकू. त्या म्हणाल्या, 'तुझ्या मामांना बघायची मला खूप इच्छा होती.' मामा, मी त्यांना पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं तू काय करायचास. मला कॉलेजपासून माहीत आहे, गूगल आहे ना. त्या फक्त हसल्या होत्या.

आणि हॉलमध्ये आई लोकांना काय सांगत होती माहीत आहे? की तुझी अँजिओप्लास्टी झाली. मला शो, लोकांना अँजिओप्लास्टी. मग मला डाऊट आला. काल मी तिला व्हिडिओ कॉलवर सरळ विचारलं, मामाला तू डेट सांगितली होतीस का? तिने फोन तसाच टेबलवर ठेवला. उठून मशीनमधले कपडे काढायला गेली.

तुला माहीत नव्हतं ना, मामा?

तुझ्या आहेराचा बॉक्स पाठवतेय. तुझ्यासाठी आणला होता, कुणी उघडला नाही.

उर्वी


आयसेलिन
२२ नोव्हेंबर २०२५

ताई,

आज बावीस तारीख. फ्रँकचा दुसरा शनिवार. हा दिवस तू नको म्हणाली होतीस.

तुमचं घड्याळ एक तास मागे, तुमचे बारा म्हणजे आमचा एक. तिथे गुरुजी मामाला हाक मारत होते तेव्हा मी इथे चड्डीवर उभा राहून तुझ्या आशीर्वादाच्या गोष्टी सांगत होतो. लग्नाच्या अक्षता होत्या त्या. मामाला पहिलं आमंत्रण द्यायचं असतं, कुंकू लावलेल्या अक्षता देऊन. ते तू दिलंस. आमंत्रण दिलंस आणि तारीख लपवलीस. म्हणजे देवाला उत्तर देता येईल आणि माझं तोंडही बघावं लागणार नाही, असंच ना?

तू नाही म्हणाली असतीस तर मी शो सोडला असता. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. लग्नाला येऊ नकोस म्हणाली असतीस तर रडलो असतो, पण आलो नसतो. आजवर तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही असं एकदा तरी झालंय का? मग मला हो का म्हणालीस? तुझं ते 'सरळ बघणारं' पत्र मी पाकिटात घालून शोला नेलं होतं.

साडी ठेवून घेतलीस. पँट शिवून दिलीस, नवीन बटणं लावून. रात्री एकीकडे रुखवत मांडत होतीस आणि एकीकडे माझी कंबर सैल करत होतीस. हात कसा चालला तुझा?

आणि माझ्या पोरीला सांगितलंस की मामाने नाच निवडला.

गुरुदत्त


शॉमबर्ग
३ डिसेंबर २०२५

दत्तू,

शिव्या दे, पण ऐकून घे.

मी काही कट केला नाही रे. हॉल जुलैतच मिळाला होता. आठ तारीख. तुला कळवायचं म्हणून पत्र लिहायला घेतलं होतं, आणि तेवढ्यात तुझं आलं. त्यात आठ तारीख तूच लिहिली होतीस. दोन आठवडे मी ते पत्र घेऊन फिरले. शेवटी वाटलं, देवानेच वाट काढून दिली. कुणाला नको म्हणायला नको, कुणाला दुखवायला नको. तुझी इच्छा पुरी होईल आणि लग्नही निर्विघ्न पार पडेल.

तू म्हणशील कसलं विघ्न. तीनशे माणसं होती हॉलमध्ये. सगळं मंडळ, प्रसन्नच्या, तुझ्या भाऊजींच्या हॉस्पिटलचे लोक. प्रत्येकाच्या हातात फोन. तू बोहल्यापाशी फेटा बांधून उभा राहणार, आणि एखादीने ओळखलं असतं तर? एकीने दुसरीला दाखवलं असतं तर? माझ्या मुलीच्या लग्नात तिच्याकडे न बघता लोक तुझ्याकडे बघत बसले असते. तुला नाही कळायचं ते. तुला लोकांनी बघण्याची सवय आहे, मला नाही.

नंदाताईंना माहीत होतं हे मला कुणी सांगितलं होतं? उर्वीने सांगायला नको का आईला?

हात कसा चालला म्हणतोस. चालत नव्हता. एक बटण चारदा उसवलं. अक्षता घातल्या कारण राहवेना. वाटलं, तुला कळेल. तू पुडी उघडशील, कुंकू बघशील, फोन करशील. मग मी खोटं बोलले नसते. पण तू फोन केलाच नाहीस.

गुरुजींनी हाक मारली तेव्हा मी खाली बघत होते.

नाताळात घरी ये. प्रसन्न विचारतोय, दत्तूची तब्येत कशी आहे. त्याला काय सांगू?

ताई


आयसेलिन
११ डिसेंबर २०२५

वसुधा,

प्रसन्नना खरं सांग. मी हॉटेलात नव्हतो हेही सांग. सांगताना उभी राहा आणि त्यांच्याकडे बघ.

अक्षता बघून मला कळायला हवं होतं म्हणतेस. मला कशाचाच संशय आला नाही, कारण त्या तू दिल्या होत्यास.

लोकांनी ओळखलं असतं तर काय झालं असतं, यावर मी बराच विचार केला. थोडी कुजबुज झाली असती. जेवणाच्या रांगेत एखादीने फोटो मागितला असता. मग जिलब्या आल्या असत्या आणि सगळे तिकडे वळले असते. तेवढ्यासाठी माझी पोर भर हॉलमध्ये एकटी चालली.

पँट परत पाठवत नाही. ती चांगली शिवलीयस. कपाटात राहील.

उर्वीने आणि नंदाताईंनी मला अल्फारेटाला जेवायला बोलावलंय. आहेराचा सदरा घालून जाणार आहे. उर्वी ती पिवळी साडी पुन्हा नेसणार आहे, पिना मी लावणार आहे, आणि तिला खोलीतून हॉलपर्यंत मी घेऊन येणार आहे. गुरुजी नाहीत, माइक नाही. हाक नंदाताई मारणार आहेत.

तिकीट काढलंय. कधीचं, ते तुला सांगत नाही. पंचांग मी बघितलं नाही, पण दिवस चांगला आहे.

गुरुदत्त